घोड्याचं चिलखत मिळतंय म्हणून घोडा घ्यायचा का?

वाचकाचं पत्र:

ताई, पुढच्या महिन्यात एक मोठा फँटसी आरपीजी (आपलं पात्र घडवत लांबलचक गोष्ट जगायचा व्हिडिओ गेम) येतोय. नाव छापू नका, मित्र लगेच ओळखतील. अफाट मोठं जग, ड्रॅगन, घोडा, तलवारबाजी आणि शंभर तासांची गोष्ट. ट्रेलर किती वेळा पाहिला ते विचारू नका. कॉलेजातले आम्ही चौघे आता चार दिशांना आहोत, पण शनिवारी रात्री फोनवर हमखास भेटतो. बाकी तिघांनी प्री-ऑर्डर करून टाकलीय, तीही महागडी डिलक्स आवृत्ती. तीन दिवस आधी खेळायला मिळतं आणि वर घोड्याचं चिलखत.

माझी परिस्थिती अशी. मुलगी दोन वर्षांची आहे. रात्री साडेनऊनंतर तास-दीड तास मिळतो, तोही रोज नाही. लॅपटॉप चार वर्षांचा. आधीच्या गेमपैकी विचर ३ मध्ये स्केलिगेच्या बेटांवर पोचलो आणि तिथेच राहिलो. एल्डन रिंग सगळे घेतायत म्हणून घेतला आणि मार्गिटपाशी सोडला. बाल्डर्स गेट ३ ला आठ महिने लागले, पण तो पुरा केला. बायको म्हणते, आधी घरातले संपव, मग नवा आण. तिचं पटतं. पण शनिवारी ते तिघं बोलत असताना मी नुसतं ‘हो का, हो का’ करत बसू? घेऊ की नको?
– तळ्यात-मळ्यात

प्रिय तळ्यात-मळ्यात,

उत्तर आधी, कारणं नंतर. प्री-ऑर्डर करू नका. गेम बाहेर आल्यावर दोन आठवडे जाऊ द्या, खाली सांगते त्या गोष्टी तपासा आणि मग ठरवा. माझा अंदाज असा की तपासल्यावरही उत्तर ‘इतक्यात नको’ असंच येईल. शनिवारच्या प्रश्नाचं काय करायचं, तेही सांगते. तो प्रश्न गेमपेक्षा मोठा आहे, म्हणून शेवटी घेते.

‘घेऊ की नको’ असं तुम्ही विचारलंत खरं, पण अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तीन गेमची नावं तुम्ही दिलीत. दोन सोडले, एक संपवला. सोडलेले गेम लोक जरा ओशाळून सांगतात. मला तर ती यादी वैद्याच्या हाती नाडी आल्यासारखी वाटते. कुठला गेम आवडतो हे विचारलं तर माणूस ट्रेलरमधलंच काहीतरी सांगतो. कुठे सोडला हे विचारलं की खरं कळतं.

एल्डन रिंगचंच उदाहरण बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, तुफान गाजला, गाजायला हवाच होता. पण त्यात अवघडपणा कमी-जास्त करायची सोय नाही आणि नेहमीसारखं पॉजचं बटण नाही. मार्गिट हा कथेतला पहिला मोठा बॉस, म्हणजे वाट अडवणारा दांडगा शत्रू. त्याला हरवायचं म्हणजे त्याचे वार पाठ करायचे: कुठला उशिरा पडतो, कुठल्या वाराच्या आत शिरायचं. हे शिकणं बोटांचं असतं आणि बोटं रोज सराव मागतात. तुम्ही मंगळवारी तासभर मार खाऊन निम्मा शिकता, मग शुक्रवारी रात्री पुन्हा बसता तेव्हा पाटी कोरी झालेली असते. तुम्ही खेळायला कमी पडलात असं मुळीच नाही. तुमचं वेळापत्रक आणि त्या गेमची रचना यांचं जमलं नाही, एवढंच.

विचर ३ चं दुखणं वेगळं. तिथे लढाई अगदी सोपी करून ठेवता येते, हवी तेव्हा थांबवताही येते. तुम्ही स्केलिगेला अडकलात म्हणजे वेलेन आणि नोव्हिग्राड हे आधीचे भाग मागे टाकून आलात, म्हणजे निदान तीस-चाळीस तास घातलेत. एवढ्या प्रवासानंतर नवी बेटं, नवी घराणी, नवे राजे, आणि नकाशावर समुद्रभर पसरलेली ती कुप्रसिद्ध प्रश्नचिन्हं. (त्यातली बरीचशी म्हणजे पाण्यात तरंगणारी तस्करांची पिंपं आणि पेट्या. कोणी ती सगळी गोळा केली असतील तर त्या व्यक्तीला माझा दंडवत.) मध्ये मुलगी आजारी पडली, ऑफिसचं काम आलं, तीन आठवडे गेले. परत आलात तेव्हा हा जार्ल कोण, आपण कुठल्या पोरीच्या शोधात होतो, जादूच्या मंत्रांपैकी ढालीचा कुठल्या बटणावर होता, काही आठवेना. बंद केलात. बरोबर?

आता बाल्डर्स गेट ३. लांबीला तोही काही लहान नाही, पण तो तुम्ही आठ महिन्यांत पुरा केलात. कारण तिथे लढाई पाळीपाळीने चालते. तुमची पाळी आली की गेम तुमच्यासाठी थांबून राहतो. मुलगी रडली, उठून गेलात, वीस मिनिटांनी आलात, गॉब्लिन तिथेच उभा. लढाईच्या मधोमधही सेव्ह करता येतं. पटावर कोण कुठे उभं आहे हे समोर दिसतं, त्यामुळे आठवड्याने परतलात तरी विचार जोडून घेता येतो. तुम्ही टर्न-बेस्ड, म्हणजे पाळीपाळीच्या गेमचे भक्त आहात असा निष्कर्ष मी यातून काढत नाही. हातातला गेम मध्येच खाली ठेवून पुन्हा उचलता आला की तुम्ही तो शेवटाला नेता, एवढंच म्हणते. नव्या गेमला हीच परीक्षा लावा. ड्रॅगन किती सुंदर आहे हा प्रश्न तुमच्यासाठी दुय्यम.

पेटीवर किंवा दुकानाच्या पानावर ‘टर्न-बेस्ड’ लिहिलंय एवढ्यावरही जाऊ नका. एप्रिल २०२५ मध्ये आलेला क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पिडिशन ३३ पाळीपाळीचाच आहे, पण शत्रूच्या पाळीत त्याचा वार चुकवायला किंवा परतवायला नेमक्या क्षणी बटण दाबावं लागतं. म्हणजे पुन्हा बोटांचा सराव. त्यात सोपी पातळी आहे आणि तिच्यावर चुकांना बरीच माफी मिळते, पण हे आधी माहीत असलेलं बरं. उलट बाजूनं, तलवारबाजीचे कितीतरी गेम मेनू उघडला की थांबतात आणि अवघडपणा मध्येच उतरवू देतात. लेबल काय म्हणतं ते बाजूला ठेवून वागणूक बघायची.

तर विचारायचं काय? लढाईत पॉज होतो का. कुठेही सेव्ह होतं का, की ठरावीक ठिकाणापर्यंत जावंच लागतं. सेव्हच्या जागा किती, हेही बघा. ड्रॅगन्स डॉग्मा २ मध्ये मार्च २०२४ ला एकाच पात्राचा एकच प्रवास जपता येत होता आणि पीसीवर पहिल्या दिवशी मेनूत नवा खेळ सुरू करायचा पर्यायच नव्हता, तो नंतरच्या अपडेटमध्ये आला. आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात मोलाचा प्रश्न हा: मी तीन आठवड्यांनी परत आलो तर हा गेम मला ओळख देतो का?

या शेवटच्या प्रश्नावर परीक्षणांत फारसं कोणी बोलत नाही, म्हणून जरा रेंगाळते. ड्रॅगन क्वेस्ट ११ मध्ये सेव्ह उघडली की ‘आतापर्यंतची गोष्ट’ थोडक्यात सांगितली जाते. कुठून आलो, कुठे निघालो, का निघालो. एवढी साधी सोय, पण नोकरी-संसारवाल्या खेळाडूवर उपकार. विचर ३ मध्येही सेव्ह उघडताना डँडेलायनच्या आवाजात मागचा गोषवारा येतो, मात्र तो मोठ्या कथेपुरता. तुम्ही ज्या चौदाव्या साइड क्वेस्टच्या (मुख्य गोष्टीबाहेरच्या कामगिरीच्या) अर्ध्यात होतात तिची आठवण तो देत नाही. फायनल फँटसी १६ ने याहून पुढची युक्ती केली. संवाद चालू असताना दृश्य थांबवायचं, की त्या घडीला संदर्भ असलेली माणसं, राज्यं, भानगडी यांची छोटी टिपणं समोर येतात. राजकारणानं भरलेल्या गोष्टीत ‘हा म्हातारा कोण बाबा?’ हा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. तुमच्या नव्या गेममध्ये असं काही आहे का ते शोधा. नसेल, आणि गोष्ट पाच राज्यं नि बारा घराण्यांची असेल, तर स्केलिगे पुन्हा घडणार.

आणि अक्षरांचा आकार बघा. हसू नका. विचर ३ मध्ये सुरुवातीला अक्षरं इतकी बारीक होती की लोकांनी ओरड केली आणि नंतरच्या अपडेटमध्ये ती मोठी करावी लागली. आरपीजी म्हणजे निम्मं वाचन. दिवसभर स्क्रीन बघून आलेले डोळे रात्री साडेनऊला तलवारीच्या गुणधर्मांची बारीक अक्षरं वाचत नाहीत.

परीक्षणांबद्दलही याच अनुषंगानं. मोठ्या गेमचं परीक्षण करणारी माणसं बहुधा घाईत असतात. गेम बाहेर यायच्या थोडे दिवस आधी प्रत हाती येते आणि ठरल्या तासाला लेख द्यायचा असतो. साठ-सत्तर तास ते एका दमात खेळतात. त्यामुळे त्यांना बटणं विसरायला होत नाहीत, पात्रांची नावं पुसली जात नाहीत. उलट साइड क्वेस्टचा त्यांना जितका कंटाळा येतो तितका तुम्हाला येणार नाही, कारण तुमच्यासाठी एक साइड क्वेस्ट म्हणजे एका रात्रीची आख्खी बैठक. ते खोटं लिहितात असं नाही. ते वेगळ्याच गतीनं केलेल्या प्रवासाचं वर्णन लिहितात. मी स्वतः गेमच्या गुणांचा आकडा बघतच नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरची तुमच्यासारख्या साध्या खेळाडूंची मतं उघडते, त्यातली नापसंतीची निवडते आणि त्यातही ज्यांनी चाळीस तासांच्या वर खेळलंय त्यांचीच वाचते. प्रत्येक मतासोबत तास दिलेले असतात. दोन तासांत चिडून गेलेल्या माणसाचं मत बहुतेक तांत्रिक अडचणीबद्दल असतं; चाळीस तास घालून नाराज झालेला माणूस गेमच्या हाडामासाबद्दल बोलतो.

स्टीमवर आणखी एक गंमत आहे. गेमच्या अचीव्हमेंट्सच्या (खेळातले टप्पे गाठल्याच्या बिल्ल्यांच्या) पानावर किती टक्के खेळाडूंनी काय मिळवलं ते दिसतं. लांबलचक आरपीजींमध्ये शेवट गाठल्याची अचीव्हमेंट निम्म्यांनीही मिळवलेली नसते, हे नेहमीचं चित्र. गेम आल्यावर महिनाभरानं ते पान बघा. पहिल्या अंकानंतर आकडा कुठे कोसळतो ते दिसलं की लोक कुठे गळले ते कळतं. आणि हो, बायकोलाही दाखवा.

कारण ‘आधी घरातले संपव’ या तिच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत नाही. पैशाच्या बाजूनं ती बरोबर आहे, तुम्हाला नवीन काही घ्यायची निकड नाही. पण अर्धवट राहिलेला गेम हे काही कर्ज नव्हे की फेडल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. एल्डन रिंग तुम्ही केवळ कर्तव्य म्हणून संपवायला बसलात तर हिवाळा जाईल, उन्हाळा जाईल आणि तुम्हाला खेळण्याचाच वीट येईल. तो सोडा, नीट सोडा, लॅपटॉपवरून काढून टाका, जागाही मोकळी होईल. विचर ३ मात्र मी पुन्हा उघडायला सांगेन. अवघडपणा सगळ्यात खाली आणा, ती पातळी मुळी गोष्टीसाठीच ठेवलेली आहे. समुद्रातल्या प्रश्नचिन्हांकडे ढुंकूनही पाहू नका. फक्त मुख्य क्वेस्ट धरा. स्केलिगेपासून पुढची गोष्ट त्या गेममधली सगळ्यात चांगली आहे आणि तुम्ही नेमके तिच्या उंबऱ्यावरून परतलात.

आता थांबण्याबद्दल. फँटसी आरपीजी हा प्रकार असा आहे की त्यात उशिरा येणाऱ्याला बहुधा जास्त मिळतं, कमी पैशांत. उदाहरण तुमच्या घरातलंच घ्या. बाल्डर्स गेट ३ पीसीवर ३ ऑगस्ट २०२३ ला आला. ज्यांनी पहिल्याच महिन्यात तो धावत संपवला त्यांना शेवटी सोबत्यांच्या पुनर्भेटीची ती रात्र मिळालीच नाही. तो उपसंहार नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी पाचव्या पॅचमध्ये, म्हणजे मोठ्या अपडेटमध्ये घातला गेला. तिसऱ्या अंकात शहरात शिरल्यावर मशीन धापा टाकायचं, तेही हळूहळू सुधारलं. पुढे एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचमध्ये पात्रांचे बारा नवे उपवर्ग आले, फुकट. तुम्ही आठ महिने लावलेत ते तुमच्या पथ्यावरच पडलं असणार.

विचर ३ मे २०१५ मध्ये आला. मागोमाग सोळा छोटे जादा भाग मोफत मिळाले, दोन मोठे विस्तार आले आणि डिसेंबर २०२२ मध्ये चित्रांना नवा उजाळा मिळाला, तोही आधीच्या ग्राहकांना फुकट. त्याच कंपनीचा सायबरपंक २०७७ फँटसी नाही, पण धडा म्हणून आठवायलाच हवा. डिसेंबर २०२० मध्ये बाहेर पडला तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची इतकी दैना होती की आठवड्याभरात सोनीनं तो आपल्या दुकानातून काढला. प्रकाशनाआधी परीक्षकांच्या हाती दिल्या होत्या त्या पीसीच्या प्रती. जुन्या कन्सोलवर काय होतंय हे पैसे भरलेल्यांना आधी कळलं. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर तोच गेम लोक आवडीनं खेळू लागले. थांबलेल्यांनी काय गमावलं?

नेहमीच असं होतं असं मात्र नाही. एक्स्पिडिशन ३३ पहिल्या दिवसापासून सुस्थितीत होता, किंमतही इतर मोठ्या गेमपेक्षा कमी होती आणि मायक्रोसॉफ्टच्या गेम पासच्या वर्गणीत तो त्याच दिवशी आला होता. त्यासाठी थांबणाऱ्यांच्या वाट्याला फक्त गोष्टीतलं रहस्य फुटणं आलं. एल्डन रिंगच्या पहिल्या आठवड्यांतली मजाही पुन्हा मिळणारी नव्हती, सगळे एकाच वेळी चाचपडत होते, कोणालाच काही ठाऊक नव्हतं. पण हे गेम बाहेर आल्यावर दोन-तीन दिवसांतच कळतं. प्री-ऑर्डर करून ते आधी कळत नाही.

डिजिटल प्रत संपत नाही. मग आगाऊ पैसे भरून आपण नक्की काय राखून ठेवतो? घोड्याचं चिलखत. या चिलखताला इतिहास आहे. एप्रिल २००६ मध्ये ऑब्लिव्हियन या आरपीजीसाठी घोड्याचं चिलखत वेगळे पैसे घेऊन विकलं गेलं आणि जगभर त्याची टर उडाली. २०२५ मध्ये त्याच ऑब्लिव्हियनची नवी आवृत्ती आली आणि तिच्या डिलक्स संचात पुन्हा घोड्याचं चिलखत होतं. कंपनीनं स्वतःवर केलेला विनोद म्हणून सोडून देता येईल, पण लोकांनी तो विनोदही विकत घेतला. अशा चिलखतांचं सुरुवातीच्या पाच-सहा तासांपलीकडे क्वचितच काही मोल उरतं, पुढे खेळातच त्याहून भारी वस्तू सापडतात.

तीन दिवस आधी खेळायला मिळणं हे त्याहून खर्चिक आमिष. तुम्हाला त्या तीन दिवसांत फार तर तीन-चार तास मिळणार. त्यासाठी मूळ किमतीवर वाढीव पैसे. शिवाय स्टीमवर २०२४ पासून या आगाऊ दिवसांत खेळलेला वेळही रिफंडच्या मर्यादेत धरला जातो. नियम साधा आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत. गॉग या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात ३० दिवसांची सवलत आहे, खेळला असलात तरी. तुमच्या मित्रांपैकी कोणी प्लेस्टेशनवर असेल तर त्याला सांगा की तिथे डाउनलोड सुरू झालं की गेम सदोष असल्याशिवाय सहसा परतफेड होत नाही.

दोन तास पुरेसे वाटतात, पण आरपीजीत ते कुठे जातात बघा. आधी शेडर (चित्रं रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होण्याची पट्टी सरकत राहते. मग पात्र बनवायचं. नाक, भुवई, गालावरचा व्रण, पुन्हा नाक. मग पंधरा मिनिटांचा सिनेमा. मग अरुंद बोगद्यातून चालवत शिकवणी. कंपन्या हा सुरुवातीचा भाग घासूनपुसून लखलखीत करतात. मशीनचा खरा कस लागतो पहिल्या मोठ्या गावात, जिथे शंभर माणसं आपापल्या उद्योगात फिरत असतात. ड्रॅगन्स डॉग्मा २ मध्ये याच कारणानं शहरांत प्रोसेसर दमत होता. तेव्हा कधी घेतलाच, तर रिफंडचे दोन तास मौजेसाठी वापरू नका. आधीच तयार चेहऱ्यांपैकी एक घ्या, सिनेमे सोडा आणि थेट गाव गाठा. डेमो असेल तर फारच छान. मेटॅफर: रिफँटॅझिओच्या डेमोत सुरुवातीचे कित्येक तास खेळता आले आणि तीच सेव्ह पुढे मूळ गेममध्ये चालली. तसं असेल तर तुम्हाला विचारात पडायची गरजच नाही.

लॅपटॉपचं तुम्ही फक्त वय सांगितलंत, म्हणून ढोबळ बोलते. किमान आणि शिफारस अशा दोन याद्या असतात, त्यातली किमान यादी म्हणजे ‘गेम सुरू होईल’ इतकीच हमी. शिफारशीची यादी बघा आणि तिच्याखालची बारीक टीप वाचा: कुठल्या रिझोल्यूशनला, किती फ्रेम्सला (सेकंदाला किती चित्रं), आणि कशाच्या मदतीनं. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्सच्या शिफारशीत १०८०पी ला ६० फ्रेम्स दिल्या होत्या, पण फ्रेम जनरेशन चालू धरून, म्हणजे त्यातल्या कित्येक फ्रेम्स मधल्या मध्ये बनवलेल्या. ग्राफिक्स कार्डाचं नाव जुळलं म्हणूनही हुरळून जाऊ नका. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ३०६० ला ६ जीबी मेमरी असते. त्याच नावाचं डेस्कटॉपचं मूळ कार्ड १२ जीबीचं. यादीत लिहिलेलं कार्ड जवळपास नेहमी डेस्कटॉपचं. जागाही मोजा. बाल्डर्स गेट ३ नं १५० जीबी मागितले होते आणि तेही एसएसडीवर. वाइल्ड्ससारखे काही गेम प्रकाशनाआधी मोफत बेंचमार्क (मशीनची चाचणी) देतात. तुमच्या गेमनं दिला असेल तर आज रात्रीच चालवून बघा, अर्धा निकाल तिथेच लागेल.

आता शनिवार.

तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की गेमचं वर्णन तुम्ही एका ओळीत उरकलंत. ड्रॅगन, घोडा, तलवार. मित्रांबद्दल मात्र भरभरून. तुम्हाला तो गेम खेळायची जेवढी ओढ आहे त्याहून जास्त भीती आहे ती फोनवर बाहेरचा होऊन बसण्याची. ती भीती खोटी नाही, तिला मी क्षुल्लकही म्हणणार नाही. चार दिशांना पांगलेल्या मित्रांना बोलायला काहीतरी समान लागतं. पण हिशोब करून बघा. गेम एकट्यानं खेळायचा आहे. त्या तिघांना आठवड्याला पंधरा-वीस तास मिळत असतील तर दुसऱ्याच शनिवारी ते तिसऱ्या राज्यात असतील आणि तुम्ही पहिल्या गावाच्या वेशीवर. मग ते तुमच्यासमोर गोष्ट फुटू नये म्हणून जपून बोलतील, किंवा फोडून मोकळे होतील. गेम घेऊनही तुम्ही ‘हो का, हो का’च करणार, वर पैसे गेलेले.

त्यापेक्षा त्यांना दोन गोष्टी सांगा. पहिली, मी आत्ता घेत नाही, तेव्हा माझ्यासमोर खुशाल सगळं बोला. न खेळणारा एक श्रोता असला की खेळणारे जास्त रंगून सांगतात. तुम्हाला पुढे खेळायचाय म्हणून फक्त शेवट राखून ठेवायला लावा.

दुसरी अशी की बाल्डर्स गेट ३ चौघांना मिळून ऑनलाइन खेळता येतो. तुम्ही चौघेच आहात. आठव्या पॅचपासून पीसीवाला आणि कन्सोलवाला एकत्र बसू शकतात. प्रत्येकाकडे स्वतःची प्रत लागेल, पण गेम जुना झालाय, सवलतीत मिळतो. महिन्यातला एक शनिवार त्याला द्या, दोन तास. तुम्ही एकदा पार केलाय तेव्हा त्या फोनवर निदान एका रात्री सगळ्यात जास्त माहिती तुमच्याकडे असेल. फक्त पुढे काय होणार ते बोलून दाखवू नका, आणि लूट कोण उचलणार हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. चौघांचा गेम मोडतो तो तिथेच.

आणि त्या तिघांचा एक उपयोग करून घ्या. त्यांनी पैसे भरलेच आहेत, तेव्हा तपासणी त्यांच्याकडून होऊ द्या. गेम आल्यावर दहा दिवसांनी विचारा: लढाईत थांबवता येतो का, चार दिवस न खेळता परत उघडल्यावर कुठे होतो ते कळलं का, आणि पहिल्या मोठ्या गावात फ्रेम्स किती पडल्या. शेवटच्या प्रश्नासाठी तिघांपैकी ज्याचं मशीन तुमच्याइतकंच जुनं आहे त्याला आधी फोन करा, शनिवारची वाट बघू नका.